व्हेरिएबल नीट समजून घेऊ: प्रोग्रॅमिंगची पहिली पायरी, कागद-पेन्सिल घेऊन

प्रोग्रॅमिंग शिकायला बसलेला माणूस सहसा लूपपाशी (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं) किंवा फंक्शनपाशी (नाव दिलेला ओळींचा गट) अडकतो, असं समजलं जातं. मी जितक्या नवशिक्यांबरोबर बसलो, त्यातले बहुतेक त्याच्या खूप आधी अडकलेले होते. अगदी पहिल्या दिवशी, एका साध्या बरोबरच्या चिन्हापाशी. ते तिथे अडकलेत हे त्यांना कळलेलं नसतं आणि शिकवणाऱ्यालाही कळत नाही. पुढे दोन महिन्यांनी लूप समजत नाही म्हणून ते सोडून देतात. म्हणून या लेखात व्हेरिएबलवर, म्हणजे एखाद्या व्हॅल्यूला (आकड्याला किंवा मजकुराला) त्या चिन्हाने दिलेल्या नावावर, जास्त वेळ काढणार आहे आणि बाकीच्या गोष्टी त्याच्या आधाराने घेणार आहे.

वाचताना दोन गोष्टी हव्यात: पायथॉन असलेला संगणक, आणि वही-पेन्सिल. वही ऐच्छिक नाही.

## तयारी

पायथॉन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी तयार केली आणि १९९१ मध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. अधिकृत संकेतस्थळावरून ती फुकट उतरवता येते. विंडोजवर आणि मॅकवर तिच्याबरोबर 'आयडल' नावाचा छोटा प्रोग्राम येतो. तो उघडला की तीन बाणांसारखी खूण दिसते: `>>>`. याचा अर्थ पायथॉन तुमच्या पुढच्या ओळीची वाट पाहतोय. ओळ लिहायची, एंटर दाबायचं, उत्तर लगेच खाली येतं.

२००८ च्या शेवटी आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथॉनमध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीतही देता येतात. या लेखातली `>>>` ने सुरू होणारी उदाहरणं म्हणूनच मराठी नावांनी लिहिली आहेत आणि ती जशीच्या तशी चालतात. `>>>` ही खूण मात्र स्वतः टाइप करायची नाही. आणखी दोन पथ्यं. कोडमधले आकडे 0 ते 9 असेच लिहायचे. नुसता '५' लिहिला तर पायथॉन ओळ नाकारतो. आणि अवतरणचिन्हं सरळ हवीत. लेखनाच्या सॉफ्टवेअरमधून किंवा मोबाइलवरून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हं चालत नाहीत. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे नवीन माणसाचा अर्धा तास सहज जातो.

पुढे नोकरीत किंवा इतरांबरोबर काम करताना नावं इंग्रजीतच द्यावी लागतील. शिकताना मात्र आपल्या भाषेतली नावं दिली की डोक्यावरचा एक भार कमी होतो.

## बरोबरचं चिन्ह बरोबर वाचा

```
>>> अंतर = 12
>>> अंतर
12
>>> अंतर + 5
17
>>> अंतर
12
```

थांबा आणि शेवटची ओळ पुन्हा बघा. मध्ये आपण `अंतर + 5` विचारलं, उत्तर 17 आलं, तरी अंतर 12 च राहिलं. पायथॉनने बेरीज करून दाखवली आणि ती विसरून गेला. ती लक्षात ठेव असं आपण सांगितलंच नव्हतं. सांगायचं असेल तर असं:

```
>>> अंतर = अंतर + 5
>>> अंतर
17
```

शाळेतलं गणित ज्याच्या अंगात मुरलंय त्याला `अंतर = अंतर + 5` ही ओळ खटकते. खटकायलाच हवी. गणितात कुठलीही संख्या स्वतःपेक्षा पाचने मोठी असूच शकत नाही. दोन्हीकडून अंतर वजा केलं तर शून्य बरोबर पाच उरेल. एका मुलीने मला हे अगदी ठामपणे सांगितलं होतं, "सर, हे समीकरणच चुकीचं आहे." तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, कारण ती ओळ समीकरण म्हणून वाचत होती.

हे चिन्ह मुळात समानतेसाठीच जन्मलं. १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने दोन सारख्या लांबीच्या समांतर रेघा काढून ते रूढ केलं. संगणकाच्या भाषांनी ते उचललं आणि त्याला वेगळं काम दिलं. पास्कलसारख्या काही भाषांनी गोंधळ टाळण्यासाठी या कामाला `:=` असं वेगळं चिन्ह ठेवलं. मला तेच जास्त प्रामाणिक वाटतं, पण आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या बहुतेक भाषांमध्ये एकटं `=` आहे आणि आपल्याला ते वाचायला शिकायचंय.

ते असं वाचा. आधी उजवी बाजू, मग डावी. उजवीकडे जे काही आहे त्याचा हिशोब पूर्ण करून एक व्हॅल्यू मिळवायची. मग ती व्हॅल्यू डावीकडच्या नावाला द्यायची. `अंतर = अंतर + 5` मोठ्याने वाचताना असं म्हणा: "आत्ताचं अंतर घे, त्यात पाच मिळव, जे येईल त्याला यापुढे अंतर म्हण." म्हणजे एकाच ओळीत अंतर दोनदा आलं तरी त्यांचा काळ वेगळा आहे. उजवीकडचं अंतर जुनं, डावीकडचं नवं.

बाजू उलटून `12 = अंतर` लिहून बघा. पायथॉन चिडतो, कारण 12 हे नाव होऊ शकत नाही. डावीकडे नाव हवं, आकडा नव्हे.

आता हे एक उदाहरण. पुढची ओळ वाचण्याआधी शेवटचं उत्तर वहीत लिहा.

```
>>> लांबी = 8
>>> रुंदी = 5
>>> क्षेत्रफळ = लांबी * रुंदी
>>> लांबी = 10
>>> क्षेत्रफळ
```

उत्तर 40. पन्नास लिहिणारे पुष्कळ असतात, आणि स्प्रेडशीटची सवय असलेले तर हमखास लिहितात, कारण तिथे एक खाना बदलला की त्यावर अवलंबून असलेला दुसरा आपोआप बदलतो. इथे तसं नातं नसतं. तिसरी ओळ चालली तेव्हा पायथॉनने 8 आणि 5 चा गुणाकार केला, 40 ला क्षेत्रफळ हे नाव दिलं आणि तो पुढे गेला. ते 40 कुठून आले याची नोंद त्याने ठेवलेली नाही. नवीन क्षेत्रफळ हवं असेल तर ती ओळ पुन्हा चालवावी लागेल.

## वहीतला तक्ता: ड्राय रन

या लेखातली एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. कोड संगणकावर चालवण्याआधी कागदावर चालवायचा. याला ड्राय रन म्हणतात. प्रत्येक व्हेरिएबलला एक उभा रकाना, प्रत्येक ओळीला एक आडवी ओळ. ओळ वाचायची, जी व्हॅल्यू बदलली ती लिहायची. बाकीच्या व्हॅल्यू तशाच खाली उतरवायच्या, काही गृहीत धरायचं नाही.

उदाहरण म्हणून दोन व्हॅल्यूंची अदलाबदल करू. डावा 3 आहे, उजवा 7 आहे. डावा 7 आणि उजवा 3 करायचाय. पहिल्यांदा हात आपोआप हे लिहितो:

```
>>> डावा = 3
>>> उजवा = 7
>>> डावा = उजवा
>>> उजवा = डावा
```

तक्ता मांडा.

| ओळ | डावा | उजवा |
|---|---|---|
| डावा = 3 | 3 | |
| उजवा = 7 | 3 | 7 |
| डावा = उजवा | 7 | 7 |
| उजवा = डावा | 7 | 7 |

तिसऱ्या ओळीत नेमकं काय झालं ते तक्त्यात उघड दिसतं. 3 गेला. कुठेही उरला नाही. चौथी ओळ कितीही बरोबर दिसली तरी तिच्या हातात 7 च आहे. उपाय म्हणजे 3 जाण्याआधी त्याला आणखी एक नाव देऊन ठेवायचं: `राखीव = डावा`, मग `डावा = उजवा`, आणि शेवटी `उजवा = राखीव`. पायथॉनमध्ये याची एक आटोपशीर ओळही आहे, `डावा, उजवा = उजवा, डावा`. ती चालते कारण उजवी बाजू आधी पूर्ण होते. आधी 7 आणि 3 ही जोडी तयार होते, मग नावं दिली जातात. तरी तीन ओळींची रीत आधी हाताने करा. छोटी ओळ नुसती पाठ केली तर हा प्रश्न वेगळ्या रूपात समोर आल्यावर पुन्हा अडाल.

असे तक्ते संगणकाहून जुने आहेत. १८४३ मध्ये गणिती एडा लव्हलेस यांनी चार्ल्स बॅबेज यांच्या कधीच पूर्ण न झालेल्या, हिशोब करणाऱ्या यंत्राबद्दल टिपा लिहिल्या, तेव्हा आकडे साठवणाऱ्या स्तंभांना त्या 'व्हेरिएबल'च म्हणत होत्या. स्तंभाच्या नावाच्या डाव्या खांद्यावर त्या एक छोटा आकडा लिहायच्या, कारण एकच स्तंभ हिशोबात वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या व्हॅल्यू धरतो. पहिल्या व्हॅल्यूला एक, बदलली की दोन. 'जुनं अंतर' आणि 'नवं अंतर' हा आपण वर केलेला फरक त्यांनी कागदावर दिसेल असा मांडला होता. वहीत गोंधळ व्हायला लागला तर तुम्हीही तसा आकडा लिहा. उपयोग होतो.

## नाव देणं

नियम थोडे आहेत. नावात मोकळी जागा चालत नाही, तिथे खालची रेघ वापरतात: `एकूण_वेळ`. नावाची सुरुवात आकड्याने करता येत नाही. इंग्रजीत लहान आणि मोठं अक्षर वेगळं मानलं जातं. आणि भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेले शब्द, जसे इंग्रजीतले इफ, फॉर, व्हाइल, नाव म्हणून वापरता येत नाहीत.

नियम पाळूनही वाईट नाव देता येतं. `वेळ = 90` यात नव्वद काय? सेकंद की मिनिटं? आज तुम्हाला माहीत आहे, महिन्याभराने नसेल. `वेळ_मिनिटे` लिहायला दोन सेकंद जास्त लागतात. एककाचा असाच घोळ नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर या यानाला भोवला. एका सॉफ्टवेअरने दिलेले आकडे पाउंड-सेकंदांत होते आणि दुसरं ते न्यूटन-सेकंद समजून वाचत होतं. २३ सप्टेंबर १९९९ ला ते यान मंगळापाशी पोहोचताना गमावलं गेलं. आकड्याला एकक चिकटलेलं नसतं. ते आपल्याला कुठेतरी लिहून ठेवावं लागतं, आणि नाव ही त्यासाठी सगळ्यात जवळची जागा आहे.

नावाचं स्पेलिंग एका अक्षराने चुकलं तर पायथॉन 'नेमएरर' देतो. म्हणजे 'या नावाचं माझ्याकडे काही नाही.' मराठीत ऱ्हस्व-दीर्घाने हे सहज होतं: `रुंदी` आणि `रूंदी` पायथॉनच्या लेखी दोन परके शब्द आहेत.

## आकडा आणि आकड्यासारखा मजकूर

```
>>> 25 + 5
30
>>> '25' + '5'
'255'
>>> '25' * 3
'252525'
```

अवतरणचिन्हात टाकलं की तो मजकूर झाला, ज्याला स्ट्रिंग म्हणतात. मजकुराची बेरीज म्हणजे एकापुढे एक जोडणं. `'25' + 5` लिहिलं तर पायथॉन 'टाइपएरर' देऊन थांबतो. त्याचं म्हणणं असं की आकडे मिळवायचे की मजकूर जोडायचा हे मी ठरवणार नाही, तुम्ही ठरवा. काही भाषा इथे स्वतःच अंदाज बांधून पुढे जातात. तेव्हा बरं वाटतं, पण चूक खूप पुढे जाऊन सापडते. थांबणारी भाषा शिकणाऱ्यासाठी चांगली.

हे कळीचं का आहे? कारण वापरणाऱ्याकडून माहिती घेणारं जे फंक्शन आहे, इंग्रजीत इनपुट, ते नेहमी मजकूरच परत देतं. समोरच्याने 25 टाइप केलं तरी तुमच्या हातात `'25'` येतं. मी सुरुवातीच्या काळात दोन आकड्यांची बेरीज करणारा प्रोग्राम लिहिला होता. 2 आणि 3 दिले की 23 यायचे. बेरजेच्या ओळीकडे किती तरी वेळ बघत बसलो होतो. ती ओळ बरोबरच होती. चूक दोन ओळी वर होती, जिथे मजकुराचा आकडा करायचं राहिलं होतं. ते काम 'इंट' (`int`) हे फंक्शन करतं. त्याला अवतरणचिन्हात मराठी अंकांतला मजकूर, म्हणजे `'२५'`, दिला तरी ते त्याचा 25 करून देतं.

मराठी माणसाने मजकुराबद्दल आणखी एक गोष्ट स्वतः करून बघावी.

```
>>> नाव = 'किरण'
>>> नाव[0]
'क'
>>> नाव[::-1]
'णरिक'
```

चौकटी कंसातला आकडा म्हणजे मजकुरातली जागा, आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. दुसरी खूण मजकूर उलटा करते. उत्तर नीट बघा: क वरची वेलांटी र वर गेली. आपल्या डोळ्यांना 'कि' हे एक अक्षर आहे, पण संगणकाकडे 'क' आणि वेलांटी अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत. उलटं केल्यावर वेलांटी र च्या मागे आली आणि त्यालाच चिकटली. त्याच कारणाने 'नमस्ते' या शब्दाची लांबी पायथॉन सहा सांगतो: न, म, स, हलन्त, त, मात्रा. मराठी मजकुरावर काम करणारा प्रोग्राम लिहाल तेव्हा हे आठवणीत असू द्या.

## अपूर्णांकांचा एक चटका

```
>>> 7 / 2
3.5
>>> 7 // 2
3
>>> 7 % 2
1
>>> 0.1 + 0.2
0.30000000000000004
```

एका तिरक्या रेघेने साधा भागाकार, दोन रेघांनी फक्त पूर्ण भाग, आणि टक्क्याच्या चिन्हाने बाकी. इथे त्याचा टक्केवारीशी काही संबंध नाही. बाकी काढणं फार उपयोगी आहे: दोनने भागून बाकी शून्य आली की संख्या सम.

शेवटचं उत्तर बघून पायथॉनवर शंका घेऊ नका. एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलं की ०.३३३ असं कुठेही न संपणारं काहीतरी येतं. संगणक दोनच्या पायावर मोजतो, आणि त्या पायावर एक दशांशाचं असंच होतं. कुठेतरी तोडावं लागतं, आणि तोडलेला तो कण शेवटी दिसतो. जवळपास सगळ्या भाषांमध्ये हेच घडतं. म्हणून दोन अपूर्णांक तंतोतंत सारखे आहेत का हे विचारू नये, त्यांच्यातला फरक पुरेसा लहान आहे का ते विचारावं. पैशांचे हिशोब तर सगळ्यात लहान नाण्याच्या पूर्ण संख्येत ठेवावेत.

पूर्ण संख्यांना पायथॉनमध्ये कमाल मर्यादा नाही. `2 ** 100` (दोनचा शंभरावा घात) लिहून एंटर दाबा, एकतीस अंकी संख्या येईल. सी किंवा जावा या भाषांमध्ये मात्र प्रत्येक प्रकाराला ठरलेली जागा असते, ती बिटांत मोजतात (एक बिट म्हणजे 0 किंवा 1 ची एक जागा). ऋण संख्यांनाही जागा ठेवली तर ३२ बिटांत जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतात. मोठी व्हॅल्यू लहान जागेत कोंबली की काय होतं, हे ४ जून १९९६ ला एरियान ५ या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात दिसलं. ६४ बिटांचा एक अपूर्णांक १६ बिटांच्या पूर्णांकात बदलताना मावला नाही, मार्गदर्शन यंत्रणा बंद पडली आणि उड्डाणानंतर मिनिटाच्या आत रॉकेट नष्ट झालं. अशा १६ बिटांची मर्यादा ३२७६७ आहे.

## यादी, आणि डब्याची उपमा कुठे तुटते

व्हेरिएबल म्हणजे डबा आणि व्हॅल्यू म्हणजे आतली वस्तू, असं सगळीकडे शिकवलं जातं. पहिल्या तासाला चालतं. पण पायथॉनमध्ये ते पुढे फसवतं. मी मुद्दाम 'व्हॅल्यूला नाव देणं' असं म्हणत आलोय, ते याच्यासाठी:

```
>>> गुण = [62, 75, 81]
>>> प्रत = गुण
>>> प्रत[0] = 99
>>> गुण
[99, 75, 81]
```

बदल प्रतमध्ये केला आणि गुण बदलले. डबे असते तर हे झालं नसतं. `प्रत = गुण` या ओळीने दुसरी यादी तयार झालीच नाही. यादी एकच, तिच्यावर दोन नावांच्या चिठ्ठ्या. कुठल्याही चिठ्ठीवरून गेलात तरी त्याच यादीपाशी पोहोचता. खरी वेगळी प्रत हवी असेल तर `प्रत = गुण[:]` असं लिहायचं.

मग साध्या आकड्यांत असं का होत नाही? `अ = 5`, `ब = अ`, `अ = 6` केल्यावर ब 5 च राहतो. कारण तिसऱ्या ओळीत पाचाचं काही बदललं नाही. अ ची चिठ्ठी काढून सहावर लावली. यादीत आपण चिठ्ठी हलवली नाही, यादीच्या आतला पहिला खाना बदलला. नाव हलवणं आणि वस्तू बदलणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. वहीत यादीसाठी रकाना काढण्याऐवजी बाजूला एक चौकट काढा आणि दोन्ही नावांपासून तिच्याकडे बाण काढा. एकदा चित्र काढलं की हा गोंधळ जातो.

तीन खान्यांच्या यादीत जागा 0, 1, 2 अशा असतात. `गुण[3]` विचारलं तर 'इंडेक्सएरर' येतो. शेवटचा खाना हवा असेल तर `गुण[-1]`.

## अट

`तापमान > 37` ही ओळ एक प्रश्न आहे आणि तिचं उत्तर ट्रू किंवा फॉल्स असतं. समान आहे का हे विचारायला दोन चिन्हं जोडून लागतात: `==`. एक चिन्ह नाव देतं, दोन चिन्हं प्रश्न विचारतात.

अट लिहिताना क्रम चुकवू नका. पुढच्या ओळी कागदासाठी आहेत. पायथॉनमध्ये 'जर' च्या जागी इंग्रजीत इफ आणि 'नाहीतर जर' च्या जागी एलिफ (`elif`) येतं.

```
जर गुण >= 35:
    शेरा = 'पास'
नाहीतर जर गुण >= 75:
    शेरा = 'उत्तम'
```

गुण 90 असतील तर शेरा 'पास' येतो. पहिली अट खरी ठरली की पायथॉन बाकीच्यांकडे बघतच नाही. कडक अट आधी लिहायची. आत सरकवलेल्या ओळी त्या अटीच्या मालकीच्या. चार मोकळ्या जागा सोडायची पद्धत आहे.

## लूप, पण तक्त्यातून

```
बेरीज = 0
क्रमांक = 1
जोपर्यंत क्रमांक <= 4:
    बेरीज = बेरीज + क्रमांक
    क्रमांक = क्रमांक + 1
```

'जोपर्यंत' म्हणजे इंग्रजीतलं व्हाइल. लूपमध्ये नवीन असं काही नाही. त्याच दोन ओळी पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी आधी अट. आपण `अंतर = अंतर + 5` नीट वाचायला शिकलो, त्यामुळे आतल्या ओळी ओळखीच्या आहेत.

| फेरी | बेरीज | क्रमांक |
|---|---|---|
| आधी | 0 | 1 |
| पहिली | 1 | 2 |
| दुसरी | 3 | 3 |
| तिसरी | 6 | 4 |
| चौथी | 10 | 5 |

क्रमांक 5 झाला, अट फसली, लूप संपला. बेरीज 10. आता आतल्या दोन ओळींची अदलाबदल करून स्वतः तक्ता मांडा. उत्तर 14 यायला हवं, कारण प्रत्येक फेरीत एकने पुढचा आकडा मिळवला जातो. नंतर त्या दोन ओळी मूळच्या क्रमाने लावा, `बेरीज = 0` ही ओळ लूपच्या आत पहिली म्हणून टाका आणि पुन्हा मांडा. उत्तर 4 येईल. प्रत्येक फेरीत आधीचं सगळं पुसलं जातं. या दोन चुका समोरासमोर पाहिल्या की 'सुरुवातीची व्हॅल्यू कुठे द्यायची' हा प्रश्न पुन्हा पडत नाही.

शेवटची ओळ विसरलात तर क्रमांक 1 च राहतो आणि लूप कधीच थांबत नाही. कंट्रोल आणि सी एकत्र दाबा, थांबेल.

सुरुवातीच्या व्हॅल्यूचा आणखी एक सापळा आहे. तापमानांच्या यादीतलं सर्वात मोठं शोधायचंय, म्हणून `मोठे = 0` ने सुरुवात करतो आणि त्याहून मोठं दिसलं की बदलतो. यादी `[-8, -3, -12]` असेल तर उत्तर 0 येतं, जे यादीत नाहीच. सुरुवात यादीच्या पहिल्या खान्यापासून करायची: `मोठे = यादी[0]`.

फंक्शनवर इथे फार लिहीत नाही. ओळींच्या एका गटाला नाव दिलं की ते फंक्शन. एवढंच ध्यानात ठेवा की फंक्शनच्या आत जन्मलेली नावं सहसा आतच राहतात. बाहेरचा `एकूण` आणि आतला `एकूण` वेगळे असू शकतात. ड्राय रन करताना फंक्शनसाठी वेगळा तक्ता काढा.

## करून बघा

दहा हजार सेकंदांचे तास, मिनिटं, सेकंद काढायचे आहेत.

```
>>> सेकंद = 10000
>>> तास = सेकंद // 3600
>>> उरलेले = सेकंद % 3600
>>> मिनिटे = उरलेले // 60
>>> सेकंद = उरलेले % 60
```

आधी तक्ता, मग आयडल. तास 2, मिनिटं 46, सेकंद 40 यायला हवेत. `उरलेले` मध्ये 2800 आला नसेल तर बाकी काढणाऱ्या `%` या चिन्हापाशी पुन्हा जा.

मग हे शोधा: पाचव्या ओळीनंतर मूळचे 10000 कुठे आहेत? तक्त्यात सेकंद या रकान्यात खाली बघा, ते पुसले गेलेत. एकच नाव दोन अर्थांनी वापरलं. पहिल्या ओळीत `एकूण_सेकंद` असं नाव द्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत तेच बदला, आणि सगळं पुन्हा चालवा. शेवटी `तास * 3600 + मिनिटे * 60 + सेकंद` लिहून एंटर दाबा आणि `एकूण_सेकंद` शी ताडून बघा.